जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी घेताय? टोकन देण्याआधी या सात गोष्टी तपासा



धंदा जरा स्थिर झाला, हातात सात-आठ लाख रुपये आले की बऱ्याच जणांच्या मनात एक विचार येतो. "सर, नवीन हॅचबॅकच्या पैशात दहा-बारा वर्षं जुनी ई-क्लास मिळतेय. पार्टीला भेटायला गेलो तर इम्प्रेशन पडेल. घेऊ का?"

हा प्रश्न मला बॅचमध्ये नेहमी विचारला जातो. त्यात माझं दुकान गाड्यांच्या बॅटरीचं आणि ॲक्सेसरीजचं, त्यामुळे अशा गाड्या आणि त्यांचे मालक रोज समोर दिसतात. म्हणून आज सविस्तर लिहितो. गाडी घ्या किंवा घेऊ नका, हे मी सांगणार नाही. पण घेणार असाल तर काय बघून घ्यायची आणि खिशात किती ठेवून घ्यायची, हे नक्की सांगतो.

सगळ्यात आधी एक वाक्य डोक्यात पक्कं बसवा: जुन्या लक्झरी गाडीची किंमत कमी होते, पण तिच्या दुरुस्तीची किंमत कमी होत नाही.

नवीन असताना जी गाडी ४० लाखांच्या पुढे होती, ती आज तुम्हाला ८ लाखांत मिळते. पण तिचा गिअरबॉक्स, तिचा टर्बो, तिचे हेडलाइट हे सगळं अजूनही ४० लाखांच्या गाडीचंच आहे. मर्सिडीज चाकणला, बीएमडब्ल्यू चेन्नईला आणि ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जात असली, तरी बरेच सुटे भाग बाहेरून येतात आणि त्यांचे भाव तसेच असतात. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तसंच हे.

आज बाजारात ज्या गाड्या जास्त दिसतात त्याच धरून बोलू. मर्सिडीज ई-क्लासच्या दोन पिढ्या: डब्ल्यू२११ (२००२ ते २००९) आणि डब्ल्यू२१२ (२००९ ते २०१६). बीएमडब्ल्यू ५ सीरिजच्या ई६० आणि त्यानंतरची एफ१०. आणि ऑडी ए४, ए६.

१. थंड इंजिन आणि टायमिंग चेन

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर समजा, तुम्हाला पहिला आवाज ऐकू द्यायचा नाहीये. अशा वेळी चहा पिऊन परत या, नाहीतर दुसऱ्या दिवशी जा.

हे एवढं महत्त्वाचं का? टायमिंग चेन ढिली झाली असेल तर तिचा आवाज थंड इंजिन चालू करताना पहिल्या दोन-चार सेकंदांतच सगळ्यात स्पष्ट येतो. डब्यात साखळी घालून हलवल्यासारखी खळखळ. इंजिन तापलं, ऑइल वर चढलं की आवाज दबतो.

बीएमडब्ल्यू ३२०डी आणि ५२०डी मध्ये असलेलं एन४७ डिझेल इंजिन यासाठीच जगभर गाजलं. विशेषतः २००७ ते २०११ दरम्यानचं. त्याची चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. म्हणजे चेन बदलायची तर गिअरबॉक्स तरी उतरवायचा, नाहीतर इंजिनच. आणि चेन चालू गाडीत तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, इंजिन संपतं.

मर्सिडीजमध्ये ई२०० कॉम्प्रेसरच्या एम२७१ पेट्रोल इंजिनाची चेन वयानुसार लांबते. ई२८० आणि ई३५० पेट्रोलच्या एम२७२ व्ही६ इंजिनात, २००६-०७ पर्यंतच्या काही गाड्यांत, बॅलन्स शाफ्टवरचा गिअर झिजायचा. दात्याचा तो छोटासा गिअर, पण बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. अशा गाडीत चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल आणि मालक म्हणत असेल "अहो, सेन्सर आहे फक्त", तर ते स्कॅनरवर सिद्ध झाल्याशिवाय मानू नका.

२. ऑइल: गळतंय की जळतंय?

गळती आणि जळणं हे दोन वेगळे आजार आहेत.

गळतीचं उत्तम उदाहरण म्हणजे मर्सिडीजचं तीन लिटरचं व्ही६ डिझेल, ओएम६४२. ई२८० सीडीआय, ई३२० सीडीआय, ई३५० सीडीआय यांत ते येतं. इंजिन दमदार आहे, यात वाद नाही. पण त्याचा ऑइल कूलर बरोबर इंजिनाच्या मध्यभागी, टर्बोच्या खाली बसवलाय. तिथल्या उष्णतेनं त्याची रबरी सीलं कडक होतात आणि ऑइल मागच्या बाजूनं खाली ओघळतं. सीलांची किंमत किरकोळ. पण तिथपर्यंत पोहोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड काढावं लागतं. म्हणजे भाग स्वस्त, मजुरी महाग. लक्झरी गाडीत हे गणित वारंवार भेटतं, त्यामुळे नुसती पार्टची किंमत विचारू नका. "बसवून किती?" असं विचारा.

जळण्याचं उदाहरण ऑडीचं. १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनाच्या साधारण २००८ ते २०११ च्या पिढीत पिस्टन रिंगच्या रचनेमुळे ऑइल खाण्याची तक्रार होती. जमिनीवर एक थेंब दिसत नाही, पण ऑइल कमी होत राहतं. मालकाला सहज विचारा, "दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल किती टाकावं लागतं?" डिकीत ऑइलचा अर्धा कॅन पडलेला दिसला तर उत्तर मिळालंच. शिवाय गाडी पाच मिनिटं आयडलवर ठेवून मग एकदम रेस करायला सांगा आणि मागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

३. गिअरबॉक्स: थंड असताना आणि तापल्यावर

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. सोसायटीला एक फेरी मारून गिअरबॉक्स कळत नाही. निदान ३०-४० मिनिटं चालवा. ट्रॅफिकमध्ये न्या, चढावर थांबवून उचला, मोकळ्या रस्त्यावर पळवा. शेवटी गाडी पूर्ण तापल्यावर ब्रेक दाबून डी मधून आर, आर मधून डी असं दोन-तीनदा करा. धक्का बसला, किंवा गिअर पडायला एक-दोन सेकंद उशीर लागला, तर तिथेच थांबा.

मर्सिडीजच्या ७जी-ट्रॉनिकमध्ये गिअरबॉक्सच्या आत बसलेली इलेक्ट्रॉनिक प्लेट आणि तिचे स्पीड सेन्सर खराब होतात. मग गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, वेग घेत नाही. ऑडीच्या मल्टिट्रॉनिकमध्ये सिग्नलवरून उचलताना थरथर जाणवली तर ती दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. बीएमडब्ल्यूमध्ये झेडएफ कंपनीचे गिअरबॉक्स येतात. ते मजबूत आहेत, पण "याचं ऑइल लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही" असं ऐकून अनेकांनी ते कधीच बदललेलं नसतं. खुद्द झेडएफ साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. बिल मागा. बिल नसेल तर बदललेलं नाही असंच धरा आणि किंमत तशी बोला.

४. सस्पेन्शन: सकाळी गाडी कशी उभी आहे?

काही ई-क्लासमध्ये आणि बऱ्याच एस-क्लासमध्ये स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात, ज्याला एअरमॅटिक म्हणतात. चालवायला लोणी. पण पिशवी जुनी झाली की बारीक भेगा पडतात. रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. चालू केली की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी उठते, म्हणून मालक म्हणतो "बघा, झालं बरोबर". पण गळक्या पिशवीत सारखी हवा भरून भरून तो कॉम्प्रेसरही जळतो. एका बिलाची दोन बिलं होतात. म्हणून गाडी चालू व्हायच्या आधी चारही चाकांवरची जागा बोटांनी मोजा. चार बोटं इकडे आणि दोन बोटं तिकडे, असं दिसलं तर समजून घ्या.

स्प्रिंगवाल्या गाडीत बुश आणि आर्म बघा. ऑडी ए४, ए६ च्या पुढच्या प्रत्येक चाकाला चार आर्म, म्हणजे दोन्ही मिळून आठ. आपले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे बघता हे खर्चाचं पान नेहमी उघडंच असतं. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर असतात. ते महाग, आणि कडक असल्यामुळे खड्ड्यात रिम वाकण्याची भीती जास्त. चारही टायरची तारीख बघा. टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

५. ब्रेक आणि गाडी तापणं

डब्ल्यू२११ ई-क्लास घेत असाल तर बनावटीचं वर्ष आधी बघा. सुरुवातीच्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा होती. तिचा पंप ठरावीक वेळा ब्रेक दाबल्यावर "आता मला बदला" म्हणून लाल सूचना देतो. २००४ मध्ये कंपनीनं या यंत्रणेसाठी जगभरातून सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीला परत बोलावल्या होत्या, आणि २००६ च्या नव्या रूपात ई-क्लासमधून ही यंत्रणा काढूनच टाकली. त्यामुळे डब्ल्यू२११ घ्यायचीच असेल तर २००६ च्या बदलानंतरची बघा. ब्रेक हा बचत करायचा विषय नाही.

तापण्याबाबत बीएमडब्ल्यूची सहा सिलिंडर पेट्रोल गाडी (५२३आय, ५२५आय, ५३०आय) बघताना एक विचारा: वॉटर पंप कधी बदलला? एन५२ इंजिनात तो पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो. जाताना फारशी चाहूल देत नाही, एकदम बंद पडतो. ॲल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापलं की वाकतं. त्यामुळे "एकदा गरम झाली होती, पण काही नाही झालं" हे वाक्य ऐकलं की शांतपणे नमस्कार करून निघा.

६. बॅटरी, वायरिंग आणि पाण्यात गेलेली गाडी

हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून जरा खोलात सांगतो. या गाड्यांत साधी बॅटरी टाकून चालत नाही. बऱ्याच मॉडेलना एजीएम बॅटरी लागते. बीएमडब्ल्यू आणि ऑडीत तर नवीन बॅटरी बसवल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला तशी नोंद द्यावी लागते, नाहीतर तो जुन्या बॅटरीच्या हिशोबानंच चार्ज करत राहतो आणि नवीन बॅटरी लवकर जाते. आणि व्होल्टेज कमी पडलं की डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागतात. म्हणून कधी कधी "सात फॉल्ट" वाली गाडी एका बॅटरीनं बरी होते. पण हे मीटर लावून ठरवायचं, मालकाच्या शब्दावर नाही.

खरी भीती पाण्यात गेलेल्या गाडीची. मुंबईत २६ जुलै २००५ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर २०१५ मध्ये चेन्नई, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण, अशा पुरांत असंख्य गाड्या बुडाल्या. या गाड्यांचे कॉम्प्युटर आणि वायरिंग कार्पेटखाली, डिकीत, सीटखाली असतं. पाणी आत गेलं की गंज हळूहळू चढतो आणि एकेक यंत्रणा वर्षभरात बंद पडत जाते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर मातीची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांवर गंज, डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात चिखल, दिव्यांच्या आत धुकं, आणि एसी लावल्यावर कुबट वास. यातलं काहीही दिसलं तर कितीही स्वस्त मिळो, सोडा.

७. स्कॅनर आणि कागदपत्रं

रस्त्यावरच्या साध्या स्कॅनरनं या गाड्यांची पूर्ण माहिती निघत नाही. मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस ही त्या-त्या कंपनीची सिस्टिम आहे. ती असलेल्या गॅरेजमध्ये किंवा शोरूमला गाडी दाखवा. पैसे तुम्ही भरा आणि गॅरेजही तुम्हीच निवडा. मालकानं सुचवलेल्या गॅरेजचा रिपोर्ट म्हणजे मुलीच्या मामाकडून मुलीची चौकशी. स्कॅनिंगमध्ये नेमकं कालच सगळे कोड पुसलेले दिसले तर का पुसले ते विचारा. मीटरचे किलोमीटर सर्व्हिस रेकॉर्डशी जुळवा. बीएमडब्ल्यूच्या चावीतही किलोमीटरची नोंद राहते, ती वाचायला सांगा.

कागदांत सगळ्यात आधी गाडी कुठल्या राज्यातली ते बघा. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाचे निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर आल्या. त्या वाईट असतातच असं नाही. पण इथे आणल्यावर एनओसी, फेरनोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. तो आकडा आरटीओतून आधी काढा, मग "दोन लाख स्वस्त" म्हणजे खरंच किती स्वस्त ते कळेल. १५ वर्षांच्या जवळ आलेली गाडी असेल तर पुन्हा पासिंगचा खर्च आणि पर्यावरण कर धरा. विम्याचंही आधी विचारा, कारण एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप सहसा मिळत नाही.

आता खरा हिशोब

आपण धंदेवाले आहोत, म्हणून कागदावर मांडू. हे आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

- गाडी: ८ लाख
- ट्रान्सफर आणि विमा: ६० हजार
- घेतल्याबरोबर सगळी ऑइलं, फिल्टर, बॅटरी, टायर: दीड लाख
- पहिल्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला: अडीच लाख

एकूण १२ लाख ६० हजार. तीन वर्षांनी गाडी साडेचार लाखांना विकली आणि बाजूला ठेवलेले पैसेही लागले, तर गेले ८ लाख १० हजार. भागिले ३६ महिने, म्हणजे महिन्याला साडेबावीस हजार. डिझेल वेगळं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विमा आणि सर्व्हिसिंग अजून धरलेलंच नाही.

आता स्वतःला विचारा: ही गाडी महिन्याला माझ्या धंद्यात साडेबावीस हजारांचा नफा आणेल का? विक्री नाही, नफा. इव्हेंट, इंटिरियर, प्रॉपर्टी अशा धंद्यात काही जणांचं उत्तर "हो" असू शकतं. पण महिन्यातून चार मोठ्या भेटी असतील तर तेवढ्यापुरती ड्रायव्हरसकट चांगली गाडी भाड्यानं घ्या, खूप स्वस्त पडेल.

"सर, लग्नसराईत भाड्यानं देऊ" असंही काही जण म्हणतात. कल्पना चांगली आहे, पण पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्यानं देता येत नाही. त्यासाठी टुरिस्ट परवाना आणि पिवळी प्लेट लागते. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. आणि वरात निघायच्या वेळी गाडी लिम्प मोडमध्ये गेली तर भाडं तर जातंच, नावही जातं.

माझा नियम साधा आहे. गाडीसाठी जेवढं बजेट आहे, त्याच्या ७० टक्क्यांचीच गाडी बघा. उरलेले ३० टक्के पहिल्या वर्षासाठी बँकेत ठेवा. हे ३० टक्के दुकानाच्या माल भरण्याच्या पैशातून येणार असतील, तर गाडी अजून तुमच्या आवाक्यात आलेली नाही. कारण गिअरबॉक्स दिवाळीच्या तोंडावर गेला तर तुम्ही माल भरणार की गाडी सोडवणार? ऐन सीझनला रिकामी शेल्फ दिसली तर बाहेर उभ्या असलेल्या मर्सिडीजचं इम्प्रेशन कोणावर पडणार?

आणि घेतलीच, तर दोन गोष्टी करा. एक, फक्त याच गाड्यांवर काम करणारा एक चांगला स्वतंत्र गॅरेजवाला आधी शोधा, मग गाडी. दोन, पार्ट घेताना कंपनीच्या खोक्याचा हट्ट धरू नका. बॉश, माहले, लेमफोर्डर, झेडएफ हेच मूळ पुरवठादार अनेक भाग स्वतःच्या नावानंही विकतात, आणि ते बऱ्याचदा कमी भावात मिळतात. फक्त बिल पक्कं घ्या, कारण डुप्लिकेट मालही तेवढाच फिरतोय.

गाडी बघायला जाताना हा लेख मोबाईलमध्ये उघडा ठेवा आणि एकेक मुद्दा टिक करत जा. सातपैकी दोन ठिकाणी शंका आली तर किंमत पाडायची. इंजिन, गिअरबॉक्स किंवा पाण्याची शंका आली तर किंमत न बोलता परत यायचं. बाजारात गाड्या भरपूर आहेत, आपलं भांडवल मात्र एकच आहे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!